चालतं ॲप आधी उतरवून घे

जळगाव



धुळ्यातल्या दाळ मिलचं काम तुला मिळालं, हे वाचून फार आनंद झाला. ॲप लिहिणारा मुलगा काम सोडून गेला, सोर्स कोड कुणाकडेच नाही, अ‍ॅझ्युरवर ॲप तेवढं चालू आहे आणि मालकांना काटा पावतीत बारदान वजा करायची सोय लगेच हवी आहे. तुझे हात शिवशिवत असतील. पण जे चालू आहे ते जसंच्या तसं उतरवून घेतल्याशिवाय एका ओळीलाही हात लावू नकोस. नवं चढवलं की जुनं पुसलं जातं आणि तुरीच्या हंगामात पावती अडली तर गेटवर गाड्यांची रांग लागते.

आधी मालकांची लेखी परवानगी घे. मग ॲपच्या पत्त्यात नावापुढे ‘एससीएम’ घालून कुडू, म्हणजे अ‍ॅझ्युरचं देखभालीचं पान, उघड. तिथून ॲपचा सगळा फोल्डर झिप होऊन मिळतो. डेटाबेसची जोडणी आणि पासवर्ड मात्र बहुधा पोर्टलच्या सेटिंगमध्ये असतात, ते झिपमध्ये येत नाहीत. ते वेगळे उतरवून घे, डेटाबेसचा बॅकअपही वेगळा घे.

हाती काय आलं तेही ओळख. पीएचपी किंवा पायथन असेल तर कोड बहुतेक जसाच्या तसा मिळेल. डॉटनेट असेल तर कंपाइल झालेल्या डीएलएल फायली मिळतील. आयएलस्पाय या साधनानं त्या उलगडता येतात, पण लिहिणाऱ्याच्या कॉमेंट गेलेल्या असतात. अमुक अट का घातली, ते मिलच्या मुनीमजींनाच विचारावं लागेल.

आणि आजचं उद्यावर टाकू नकोस. अ‍ॅझ्युरच्या जुन्या क्लाउड सर्व्हिसेसमध्ये चढवलेलं पॅकेज परत मिळवायला ‘गेट पॅकेज’ अशी सोयच होती. ती सेवाच ३१ ऑगस्ट २०२४ला बंद झाली. गुगल ॲप इंजिनच्या स्टेजिंग बकेटमधल्या, म्हणजे ॲप चढवताना साठवलेल्या, फायलीही, कुणी मुदत बदलली नसेल तर, १५ दिवसांनी पुसल्या जातात.

तुमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून जुनी दप्तरं सोडवून आणली आणि ती खंडांतून छापली, म्हणून आज ती वापरता येतात. तुझ्या झिपलाही तशीच शिस्त लाव. दुसऱ्या मशीनवर, डेटाबेसची प्रत जोडून, ॲप चालवून बघ. एक जुनी काटा पावती काढ. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन, तिन्ही आकडे जुळले तरच उतरवलेलं खरं. मग कधी, कुठून घेतलं ते लिहून गिटमध्ये पहिली नोंद कर. पासवर्ड मात्र त्यात टाकू नकोस. एक प्रत मालकांच्या हाती दे.

ॲप मिलचं आहे, आपण त्याचे राखणदार. तुझ्यामागून येणाऱ्याला कोड शोधत सर्व्हर उपसावा लागू नये, एवढी काळजी घे.

ताईला व भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा