पाच मिनिटांचे खेळ आणि आपली मराठी



रविवारी दुपारी जेवून आलेल्या मुलांसमोर व्याकरण उघडलं की काय होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मला ते नवं नाही. मुंबईत मी वर्षानुवर्षं मधल्या सुट्टीनंतरचा तास घेतला आहे. तिथे साठ मुलांच्या वर्गात "उभे राहा, हात वर, टाळी, बसा" एवढ्याने काम भागायचं. मुलांची भाषा मराठीच होती, उडवायची होती ती फक्त झोप. इथे आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला आपली बारा-चौदा मुलं आणि सहा-सात आजी-आजोबा. मुलं घरी मराठी ऐकतात आणि उत्तर डचमध्ये देतात. त्यांची झोप उडाली की ती आपसात जोरात डच बोलू लागतात! म्हणून इथला खेळ असा हवा, की मराठी ऐकल्या-बोलल्याशिवाय तो खेळताच येऊ नये.

हे शहाणपण मला चूक केल्यावर आलं. पहिल्या महिन्यात मी 'शिवाजी म्हणतो' घेतला. "शिवाजी म्हणतो, कान धरा" म्हटलं तर धरायचे, नुसतं "कान धरा" म्हटलं तर नाही. चुकेल तो बाद. नऊ वर्षांचा एक मुलगा "कोपर धरा"ला गुडघा धरून पहिल्याच फेरीत बाद झाला. पुढच्या रविवारीही पहिला बाद तोच. खिडकीतून स्टेशन दिसतं. वरच्या फलाटाच्या गाड्या एका दिशेने जातात, खालच्या त्यांना आडव्या. तो त्या मोजत बसला. तिसऱ्या रविवारी आई फक्त बहिणीला घेऊन आली. म्हणाली, "बाई, तो म्हणतो, मला तिथे नुसतं बसायचंच असतं."

पोर खरं बोललं होतं. ज्याला मराठी सर्वांत कमी येतं तो सर्वांत आधी बाद होतो, म्हणजे त्याच्याच कानावर सर्वांत कमी मराठी पडतं. इतकी वर्षं शिकवून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून आपल्या वर्गात कोणी बाद होत नाही. चुकेल त्याने पुढे येऊन हुकूम द्यायचा. शेजारी एक आजी किंवा आजोबा बसतात, ते कानात सांगतात आणि मूल मोठ्याने म्हणतं. दोन हुकूम झाले की परत जागेवर. दोन आठवड्यांनी तो मुलगा आला, चुकला, पुढे आला आणि "नाक धरा" एवढंच म्हणाला. "शिवाजी म्हणतो" म्हणायला तो विसरला होता. सगळ्या वर्गाने नाक धरलं आणि सगळा वर्ग चुकला! आता तो मुद्दाम तसं करतो.

आजी-आजोबांना उड्या मारायला लावणं बरं नव्हे, म्हणून त्यांच्यासाठी 'चिमणी उड'. सर्वांनी एक बोट टेबलावर ठेवायचं. "चिमणी उड" म्हटलं की बोट उचलायचं, "म्हैस उड" म्हटलं की उचलायचं नाही. इथली मुलं शाळेत 'कमांडो पिंकेलेन' नावाचा टेबलावर बोटं वाजवायचा खेळ खेळतात, त्यामुळे हा पटकन जमतो. पण आपण त्यात आपला मासा घातला आहे. आपल्यात दावीद राहाबींची कथा सांगतात. कोकणातले हे तेली लोक खरोखर यहुदी आहेत का, हे पाहायला त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले, आणि बायकांनी पर व खवले नसलेले मासे बाजूला काढले. आपला खेळ तोच. मी म्हणते "रावस", बोटं वर. "बांगडा", वर. "कोळंबी", बोटं खालीच. "चिंबोरी", "शेवंड", "तिसऱ्या", खालीच. माशाचं नाव माहीत नसेल तर मुलाने शेजारच्या आजीला विचारायचं, पण मराठीत: "आजी, मुशीला खवले असतात का?" मागच्या खेपेला मी "बोंबील" म्हटलं आणि आजोबा मंडळींत जी जुंपली, ती दहा मिनिटं थांबेना. मी थांबवलीही नाही. मुलं इतकं चविष्ट मराठी माझ्याकडून कधी ऐकणार?

मला सर्वांत आवडतो तो 'गाडी बदला'. स्लोटरडाइकला कितीतरी लोक फक्त गाडी बदलायला उतरतात, त्यावरून हे नाव. खुर्च्या गोल मांडायच्या, खेळणाऱ्यांपेक्षा एक कमी. प्रत्येकाला एक गाव. निम्मी गावं आपल्या आडनावांतली: पेण, रोहा, किहीम, नवगाव, चौल, झिराड. निम्मी इथल्या स्टेशनांची: हार्लेम, झानडॅम, लायडन, ब्रेडा. मधे उभा असलेला म्हणतो, "गाडी पेणहून हार्लेमला." त्या दोघांनी जागा बदलायची आणि मधल्याने त्यातली एक पकडायची. "गाडी बदला" म्हटलं की सगळेच उठतात. आजी-आजोबांच्या खुर्च्या पक्क्या, ते स्टेशनमास्तर.

यात व्याकरण कुठे आहे ते पाहा. पेणचं 'पेणला' होतं, पण रोह्याचं 'रोहाला' होत नाही, 'रोह्याला' होतं. पुणे-पुण्याला, ठाणे-ठाण्याला तसंच. याला आपण सामान्यरूप म्हणतो. डचमध्ये गावाचं नाव असं वाकत नाही, म्हणून मुलं इथे हमखास अडतात. फळ्यावर हा नियम मी तीन वेळा लिहिला होता आणि तीन वेळा पुसला गेला होता. खेळात चौथ्या फेरीला एक मुलगी ओरडली, "गाडी ब्रेड्याहून रोह्याला!" परक्या गावाचं नाव आपण सहसा असं वाकवत नाही, पण मी तिला टोकलं नाही. नियम तिच्या जिभेवर बसला होता. लहान मुलांसाठी हेच काम 'तळ्यात-मळ्यात' करतो: तळं-तळ्यात, मळा-मळ्यात. मग तळं बदलून 'घरात-शाळेत' करायचं.

न टोकण्याचं मला फार जड जातं. जन्म चुका सुधारण्यात गेला, आणि 'ण'चा 'न' ऐकला की अजून हात खडूकडे जातो. पण खेळ चालू असताना सुधारलं की मूल गप्प होतं. मी चिठ्ठीवर टिपून ठेवते आणि खेळानंतरच्या धड्यात सगळ्यांकडून तो शब्द म्हणवून घेते. कोण चुकलं ते सांगत नाही.

'आईचं पत्र हरवलं' खेळाला मुलं हसली, कारण डच मुलं तोच खेळ 'झाकडूक्ये लेखे' म्हणून खेळतात. तसंच गोल बसायचं, मागे बघायचं नाही आणि पाठीमागे रुमाल टाकायचा. फरक एवढाच, की त्यांच्यात रुमाल हा रुमालच असतो आणि आपल्यात तो पत्र होतो. म्हणून ज्याच्यामागे रुमाल पडेल त्याने धावून आल्यावर पत्र 'वाचायचं', एक वाक्य पुरे. "आई लिहिते, जेवलास का?" अशी पत्रं फार येतात.

एका आजोबांनी मला विचारलं, "बाई, मुलं इथे शिकायला येतात की खेळायला?" मी त्यांना पुढचा खेळ घ्यायला सांगितलं, जुन्या सणांचा. ते म्हणाले "दारफाळणीचा सण" आणि मुलांनी "किप्पूर" म्हणायचं होतं. "नव्याचा सण", रोश हशाना. "होळीचा सण", पुरीम. "बिरड्याचा सण" म्हटल्यावर सगळी गप्प. मग आजोबांना तिशा बेआव सांगावा लागला, आणि बिरडं म्हणजे काय, वाल भिजवून मोड कसे काढतात, हेही. तो रविवार त्यांचाच झाला.

वेळ मात्र सांभाळा. पाच मिनिटं, फार तर सात. मुलं "अजून एकदा" म्हणत असतानाच थांबायचं आणि लगेच त्या दिवसाचा अवघड धडा घ्यायचा. मी खेळ शेवटी ठेवत नाही, तेव्हा सगळ्यांचं लक्ष कोटाकडे असतं. टाळ्या-आरडाओरडीने ज्यांच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं त्यांना दाराजवळची खुर्ची द्या. शनिवारी शब्बाथला एकत्र जमलो तर लिहायचं नाही, तेव्हा 'नाव-गाव-फळ-फूल' तोंडीच खेळायचं, अक्षर आजींनी द्यायचं.

पुढच्या रविवारी प्रत्येकाने एक स्वच्छ रुमाल आणावा आणि घरी विचारून यावं, की आपल्या आडनावाचं गाव कोणतं आणि तिथे आपल्यापैकी शेवटचं कोण राहत होतं. ज्यांच्या आडनावात गाव नाही त्यांनी आईचं माहेरचं आडनाव आणावं. गावं कमी पडली तर ब्रेडा आहेच.