इतिवृत्तात ‘अतिप्रसंग’ लिहावा का?

प्रश्न : सोसायटीच्या सभेत एका सभासदाने सचिवांना एकेरीत सुनावले. मी इतिवृत्तात ‘अतिप्रसंग केला’ असे लिहिले, तर ते सभासद भयंकर चिडले. अतिप्रसंग म्हणजे मर्यादा सोडून वागणेच ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : व्युत्पत्तीच्या दृष्टीने तुमचे चुकलेले नाही. संस्कृत न्यायशास्त्रात एखादा नियम नको तिथेही लागू होऊ लागला, की त्या दोषाला अतिप्रसंग म्हणतात. मात्र आजच्या मराठीत, विशेषतः वर्तमानपत्रांत, हा शब्द लैंगिक जबरदस्तीसाठीच रूढ आहे. त्यामुळे त्या सभासदाचा संताप रास्त आहे.

घाबरू नका. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी दुरुस्ती सुचवता येते. ‘सचिवांना उद्देशून असभ्य भाषा वापरली’ एवढे पुरे. ‘गैरवर्तन’ चालेल, पण तो मोघम शब्द. ‘गैरव्यवहार’ मात्र टाळाच, त्यातून पैशांच्या अफरातफरीचा अर्थ निघतो.

उलट, तक्रार खरोखरच लैंगिक स्वरूपाची असेल, तर ‘अतिप्रसंग’ पुरेसा नाही. विनयभंगाचे जे कलम भारतीय दंड संहितेत ३५४ होते, ते १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ७४ आहे. अशा तक्रारीत कोणी, कधी, काय केले ते साध्या शब्दांत, जसे घडले तसे लिहा.