प्रकाश, तापमान आणि नेच्याचे बीजुक

नेच्याच्या पानाच्या पाठीवर दिसणारे तपकिरी ठिपके हे रोगाचे डाग नव्हेत; ते बीजुककोशांचे पुंज होत. कोश सुकून तडकले, की त्यांतील धुळीसारखी बीजुके वाऱ्यावर उधळली जातात. बी आणि बीजुक यांत मोठा भेद आहे. बियांमध्ये गर्भ असतो व त्याच्यासाठी साठविलेले अन्नही असते. बीजुक म्हणजे अवघी एक पेशी. तिची शिदोरी तुटपुंजी. मातीत खोलवर ती रुजली, तर उजेडात येण्यापूर्वीच तिचा अंत व्हावयाचा. म्हणून केव्हा आणि कोठे रुजावे, हा तिच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न असतो.

हा निर्णय मुख्यत्वे प्रकाशावर अवलंबून असतो. बहुतेक नेच्यांची बीजुके अंधारात रुजत नाहीत. मात्र प्रकाशाचा परिणाम होण्यासाठी बीजुकाने आधी पाणी शोषून फुगलेले असावे लागते. प्रकाशाचा रंगही महत्त्वाचा असतो. ‘ड्रायॉप्टेरिस फिलिक्स-मास’ या नेच्यावरील आपले प्रयोग जर्मन शास्त्रज्ञ हान्स मोर यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. तांबड्या प्रकाशाने बीजुकांच्या अंकुरणास चालना मिळते. परंतु त्यापाठोपाठ वर्णपटाच्या अगदी टोकाचा गडद तांबडा प्रकाश पाडल्यास ती चालना नाहीशी होते, असे त्यांत दिसून आले. हे कार्य फायटोक्रोम या रंगद्रव्याचे होय. निळा प्रकाशही अनेक जातींत अंकुरणास अडथळा करतो.

प्रकाश अनुज्ञा देतो. पुढील कामाचा वेग तापमान ठरविते. अनेक जातींची बीजुके २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम रुजतात. थंडीत पेशीतील रासायनिक क्रिया मंदावतात आणि पुरेसा प्रकाश असूनही अंकुरण लांबते. फार उष्णतेत रुजणाऱ्या बीजुकांचे प्रमाण घटते. अनुकूल स्थितीत कवच उकलते, मुळासारखा एक नाजूक तंतू बाहेर पडतो आणि हिरव्या पेशींच्या विभाजनातून हृदयाकृती, जेमतेम काही मिलिमीटर रुंदीचे पूर्वकायक तयार होते.

याचा पडताळा सहज घेता येतो. उकळून गार केलेल्या ओल्या मातीवर दोन काचेच्या बशांत एकाच पानावरील बीजुके पातळ पेरावीत व बशा झाकाव्यात. एक बशी काळ्या कागदात गुंडाळून दोन्ही उन्हाच्या झळेपासून दूर, एकाच ठिकाणी ठेवाव्यात. काही आठवड्यांत उजेडातील मातीवर हिरवी झाक दिसू लागते. अंधारातील माती बहुधा तशीच राहते.

तथापि न रुजलेले बीजुक मेलेलेच असते, असे नव्हे. मातीत गाडली गेलेली अनेक जातींची बीजुके वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि माती उकरली जाऊन उजेड लाभताच रुजतात. एखाद्या ठिकाणाहून नाहीसा झालेला दुर्मिळ नेचा तेथील मातीतूनच पुन्हा वाढविता येण्याची आशा या गुणधर्मामुळे निर्माण झाली आहे.