संमिश्र पदार्थांतील चुंबकत्व व विद्युत् यांचे नाते

चुंबकत्व व विद्युत् ध्रुवीकरण यांची सांगड एकाच स्फटिकात क्वचितच आढळते. 1960 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ अस्त्रॉव्ह यांनी ती क्रोमियम ऑक्साइडमध्ये प्रयोगाने दाखविली. परंतु हा परिणाम फार क्षीण असतो. शिवाय त्यास आधारभूत असलेली चुंबकीय रचना सुमारे 35 अंश सेल्सिअसला मोडते. दिल्लीतील उन्हाळ्याची दुपार याहून अधिक उष्ण असते. व्यवहारोपयोगी उपकरणांसाठी दुसरा मार्ग शोधणे त्यामुळे आवश्यक होते.

तो मार्ग 1972 मध्ये नेदरलँड्समधील फिलिप्स प्रयोगशाळेतील व्हान सुख्टेलेन यांनी सुचविला. त्यात दोन पदार्थ एकत्र येतात. फेराइटची लांबी चुंबकीय क्षेत्रात किंचित बदलते. बेरियम टिटॅनेटसारखा दाबविद्युत् पदार्थ दाबला वा ताणला असता त्याच्या पृष्ठांवर विद्युत् भार प्रकट होतो. हे दोन्ही घट्ट जोडले, की क्षेत्रामुळे फेराइटचा आकार बदलतो, तो शेजारच्या पदार्थास आपल्याबरोबर ओढतो आणि त्या ओढीतून व्होल्टता निर्माण होते. जो गुण दोहोंपैकी एकातही नाही, तो जोडणीतून जन्मास येतो.

याचे साधे प्रतिमान आपण मांडून पाहू. एकावर एक असे दोन थर घ्या. एकूण जाडीत दाबविद्युत् थराचा अंश 'क' असेल, तर फेराइटचा अंश (1 − क) होईल. दोन्ही थरांची ताठरता सारखी आहे, जोड पक्का आहे व पट्टी वाकत नाही, असे मानू. फेराइट सुटा असता जेवढा लांबला असता तेवढा तो आता लांबत नाही, कारण दुसरा थर त्यास मागे धरतो. जोडीची प्रत्यक्ष लांबण (1 − क) च्या प्रमाणात असते, तर व्होल्टता दाबविद्युत् थराच्या जाडीच्या, म्हणजे क च्याही प्रमाणात असते. म्हणून एकूण परिणाम क × (1 − क) या गुणाकारावर अवलंबून राहतो. क = 0.1 असता हा गुणाकार 0.09 येतो, क = 0.5 असता 0.25, आणि क = 0.9 असता पुन्हा 0.09. कोणत्याही एका घटकाचे वर्चस्व झाले, की परिणाम ओसरतो.

प्रत्यक्षात जोड पूर्ण पक्का नसतो. त्यासाठी 0 ते 1 मधील एक 'जोड-गुणांक' घेतात. तो 0.4 मानला, तर 0.25 चे 0.10 होतात. येथेच सावधगिरी हवी. कणांच्या मिश्रणात फेराइटचे कण एकमेकांस भिडले, की त्यांच्यातून विद्युत् प्रवाहास वाट मिळते आणि साठलेला भार झिरपून जातो. मोजलेली व्होल्टता कमी भरली, तर दोष सांध्याचा की गळतीचा, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. गुणांक हवा तसा बदलून गणित जुळविता येते; पण तेवढ्याने कारण सापडत नाही.

म्हणून विद्युत्-वहनाचे मापन स्वतंत्रपणे करावे लागते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील भौतिकशास्त्र विभागात देवन, चौगुले व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेरियम टिटॅनेट आणि निकेल-कोबाल्ट-तांबे फेराइट यांच्या संमिश्रांचा जो अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात विद्युत्-वहन व चुंबक-विद्युत् परिणाम यांचा विचार एकत्रच केलेला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही अशा बहुगुणी पदार्थांवर संशोधन झाले आहे.

प्रतिमान व मापन यांतील तफावत हे अपयश नव्हे. पदार्थाच्या अंतरंगात कोठे पाहावे, हे तीच दाखविते.