संगणकाची मुक्त प्रणाली : सुलभता आणि अधिकार

शेतातील विजेच्या पंपाचा स्टार्टर सर्वांच्या परिचयाचा आहे. हिरवे बटण दाबले की पंप सुरू होतो, लाल दाबले की थांबतो. घरातील लहानथोरांना एवढे ज्ञान पुरते. मात्र पंप वारंवार बंद पडू लागला की वायरमन पेटी उघडून आतील रिले तपासतो. बटणे नसती तर पंप चालविणे चार जाणकारांपुरतेच उरले असते; पेटी कायमची बंद असती तर प्रत्येक दुरुस्तीसाठी कारखान्याकडे धाव घ्यावी लागली असती. संगणकाच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो.

संगणकाचे सर्व व्यवहार ज्या मूळ आज्ञावलीवर चालतात, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. जिची घडण कोणालाही पाहता, बदलता व इतरांना देता येते, ती मुक्त प्रणाली होय. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या ‘लिनक्स’भोवती अशा अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नियमित मोफत सुरक्षा-सेवा संपली. ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणाऱ्या शाळा-कार्यालयांतील जुन्या संगणकांना म्हणूनच हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे.

या प्रणालींत दोन थर असतात. वर चित्रे व बटणे. खाली अक्षरी आज्ञा आणि साध्या मजकुराच्या फायली. वरचे बटण दाबले तरी अनेकदा काम खालचाच थर करतो. २००४ मधील ‘उबुंटू’ने वरच्या थरावर भर दिला, तर २००२ मधील ‘आर्च’ने बहुतेक निवड वापरणाऱ्यावर सोपविली. सुलभता व अधिकार हे परस्परांचे वैरी नव्हेत. एकाच्या नावाखाली दुसऱ्याला डावलणे मात्र घातक ठरते.

१९९३ पासून चालत आलेल्या ‘डेबियन’चे उदाहरण बोलके आहे. वाय-फायच्या अनेक यंत्रभागांना उत्पादकाची बंदिस्त आज्ञावली लागते. मुक्ततेच्या तत्त्वामुळे ती डेबियनच्या अधिकृत संचात नसे आणि नवशिका पहिल्याच पायरीवर अडे. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदानाने तिचा समावेश करण्याचे ठरविले. जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ती संचासोबत येऊ लागली. परंतु काय बसविले गेले याची माहिती द्यावी आणि शक्य तेथे ते टाळण्याची मुभा ठेवावी, हेही त्याच निर्णयात होते. सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेली भारतीय ‘बॉस’ प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे.

सुलभतेची पहिली अट स्वभाषा. इंदूरकरांच्या शेजारचे, माळव्यातील रतलामचे दिवंगत रवी रतलामी यांनी लिनक्सच्या पडद्यावरील शब्दांचे हिंदी अनुवाद केले. प्रणालीची घडण खुली होती, म्हणूनच कोणा कंपनीच्या परवानगीवाचून हे कार्य होऊ शकले. जाणकाराला लाभलेल्या मोकळिकीतूनच येथे नवशिक्याची सोय जन्मास आली.

शिक्षक व कार्यालयप्रमुखांनी बदल करण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत दुसरीकडे जतन करावी. पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून प्रिंटर, वाय-फाय, देवनागरी टंकलेखन आणि कार्यालयास लागणारी सॉफ्टवेअर तपासावीत. एकही आवश्यक काम अडत असेल, तर घाई करू नये. दैनंदिन कामाचे खाते व व्यवस्थापकाचे खाते वेगळे असावे. व्यवस्थापकाचा पासवर्ड एकाच व्यक्तीच्या स्मरणावर विसंबू नये, मोहोरबंद पाकिटात ठेवावा. अन्यथा बदली झालेल्या कर्मचाऱ्याबरोबर संगणकावरील अधिकारही निघून जातो. केलेला प्रत्येक बदल वहीत नोंदवावा.

एखाद्या विद्यार्थ्याने खालच्या थरात डोकावण्याची इच्छा दाखविली, तर त्यास दटावू नये. त्याला वेगळा जुना संगणक द्यावा, चुकू द्यावे, पुन्हा मांडू द्यावे. गावातील संगणक उद्या अडला, तर पेटी उघडणारा जाणकार अशा मुलांतूनच तयार व्हावयाचा आहे.