स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा आणि ॲक्युपंक्चर

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. उतारवयात विस्मरण व्हायचेच, या समजुतीमुळे घरातील वृद्धांच्या वागण्यात पडणाऱ्या फरकाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. चष्मा कोठे ठेवला हे न आठवणे वयोमानाचे लक्षण असू शकते. मात्र चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणे किंवा पोटच्या मुलाला परका समजणे, ही आजाराची लक्षणे होत. या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याच्या प्रकारांत अल्झायमरचा विकार प्रमुख असून जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यामुळे उद्भवणारा स्मृतिभ्रंशही बराच आढळतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार, भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना, म्हणजेच या वयोगटातील ७.४ टक्के लोकांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे. हा आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. काही औषधांनी लक्षणांची तीव्रता काही काळ कमी होते. त्यामुळे उपचारांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व शुश्रूषेला प्राप्त होते. या शुश्रूषेत पूरक म्हणून ॲक्युपंक्चरचा उपयोग होऊ शकेल काय, याविषयी अनेक कुटुंबांत जिज्ञासा आहे.

पद्धती आणि तिचा भारतातील प्रवेश

ॲक्युपंक्चर ही चीनमधील प्राचीन उपचारपद्धती होय. शरीरावरील ठरावीक बिंदूंवर केसासारख्या बारीक सुया टोचून त्या काही वेळ तशाच ठेवल्या जातात. पारंपरिक मतानुसार त्यामुळे शरीरातील प्राणशक्तीचा प्रवाह सुरळीत होतो. सुईमुळे मज्जातंतू उद्दीपित होऊन वेदनाशामक द्रव्ये शरीरातच निर्माण होतात, असे स्पष्टीकरण आधुनिक संशोधक देतात.

या पद्धतीच्या भारतातील इतिहासाचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक रवाना झाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी तेथेच १९४२ मध्ये देह ठेवला. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या आत्मसात केली आणि कलकत्त्यास तिचा प्रसार केला.

अभ्यास काय सांगतो?

ॲक्युपंक्चरने गेलेली स्मृती परत येते, असा दावा कोणी केल्यास तो स्वीकारू नये. रक्तपुरवठ्याशी निगडित स्मृतिभ्रंशावरील उपचारांचा एक काटेकोर आढावा २००७ मध्ये घेण्यात आला. त्यात निकषांस उतरेल असा एकही प्रयोग आढळला नाही. त्यानंतर, मुख्यत्वे चीनमध्ये, अनेक प्रयोग झाले. त्यांपैकी काहींचे निष्कर्ष आशादायक असले, तरी बरेच प्रयोग लहान आणि रचनेत सदोष असल्याने त्यांवरून ठाम अनुमान काढता येत नाही.

वेदनेच्या बाबतीत मात्र पुरावा अधिक भक्कम आहे. पाठ, मान, गुडघे यांची दीर्घकालीन दुखणी आणि डोकेदुखी यांवरील प्रयोगांतील सुमारे २० हजार रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲक्युपंक्चरने वेदना कमी होतात आणि हा लाभ बव्हंशी वर्षभर टिकतो, असे त्यात दिसून आले. खऱ्या आणि नकली सुयांच्या परिणामांतील अंतर थोडे होते, हेही लक्षात ठेवावयास हवे. विश्रांती, स्पर्श आणि आपुलकीने दिलेले लक्ष यांचाही या लाभात वाटा असतो.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. गुडघा दुखतो हे त्याला शब्दांत सांगता येत नाही. मग तो ओरडतो, जेवण नाकारतो, अंघोळीच्या वेळी हात झटकतो. घरच्यांना तो हट्टीपणा वाटतो. अशा वेळी आधी वेदनेचा शोध घ्यावा. दात, कान, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग यांची डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. सांध्यांच्या जुन्या दुखण्यावर डॉक्टरांच्या संमतीने ॲक्युपंक्चरचा विचार करता येतो. वेदना उणावली की चिडचिड आणि निद्रानाशही काही प्रमाणात उणावण्याची शक्यता असते.

शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

या आजाराचा भार रुग्णाइतकाच घरातील एका व्यक्तीवर पडतो. बहुधा ती पत्नी, सून किंवा मुलगी असते. रात्री-अपरात्री उठणे, रुग्णाला उचलणे-बसवणे, तोच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा ऐकणे, यांमुळे पाठदुखी, अपुरी झोप, चिंता आणि खिन्नता तिच्या वाट्यास येतात. 'मला काय झाले आहे?' असे म्हणून ती स्वतःकडे दुर्लक्ष करते. पाठदुखी व डोकेदुखी यांवर ॲक्युपंक्चरचा उपयोग तिलाही होऊ शकतो. उपचारासाठी ती तासभर घराबाहेर पडली आणि तेवढा वेळ दुसऱ्या कोणी रुग्णाजवळ बसले, तर ती विश्रांतीदेखील मोलाचीच.

सुयांची भीती वाटणाऱ्या रुग्णांसाठी ॲक्युप्रेशर, म्हणजे बोटांनी बिंदू दाबण्याची पद्धत, हा सौम्य पर्याय आहे. मनगटाच्या आतील घडीवर, करंगळीच्या बाजूस 'शेनमेन' नावाचा बिंदू असतो. तेथे एक-दोन मिनिटे हलका दाब द्यावा आणि त्या वेळी शांतपणे बोलत राहावे. रुग्णाने हात मागे घेतल्यास आग्रह धरू नये.

घ्यावयाची दक्षता

• सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या असाव्यात.
• रक्त पातळ करणारी औषधे, हृदयात बसविलेला पेसमेकर आणि अपस्माराचा पूर्वेतिहास यांची उपचारकास आगाऊ माहिती द्यावी. पेसमेकर असल्यास सुयांना वीजप्रवाह जोडू देऊ नये.
• रुग्ण सुई उपसण्याचा किंवा एकाएकी उठण्याचा संभव असतो. म्हणून परिचित व्यक्तीने सतत जवळ बसावे.
• रुग्णाची संमती प्रत्येक वेळी घ्यावी. शब्दांत नकार देता आला नाही, तरी चेहऱ्यावरील भीती हा नकारच मानावा.
• डॉक्टरांनी दिलेली औषधे परस्पर बंद करू नयेत.
• ठरावीक बैठकांनंतर फरक जाणवला नाही, तर उपचार थांबवावा. 'पूर्ण बरे करू' असे सांगून मोठी रक्कम आगाऊ मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

केंद्र शासनाने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाद्वारे या व्यवसायाच्या नियमनाची आणि उपचारकांच्या नोंदणीची तरतूद केली आहे. उपचार सुरू करण्यापूर्वी उपचारकाची नोंदणी विचारणे हा नागरिकांचा हक्क आहे.

साहाय्य कोठे मिळेल?

मानसिक ताणाविषयी 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर, तर ज्येष्ठ नागरिकांच्या प्रश्नांसाठी १४५६७ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. स्मृतिभ्रंशाची शंका येताच डॉक्टरांकडून निदान करून घेणे, ही पहिली पायरी होय. कारण थायरॉइडचा विकार, 'ब-१२' जीवनसत्त्वाची उणीव आणि नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची स्मृती मावळत जाते. परंतु स्पर्शातील माया आणि आवाजातील रोष त्याला कळत असतो. ॲक्युपंक्चर वेदनेचा भार थोडाफार हलका करू शकेल. उरलेला भार वाटून घेण्याचे काम कुटुंबाने, शेजाऱ्यांनी आणि समाजाने करावयाचे आहे. ज्या घरात असा वृद्ध आहे, तेथील शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळवून देणे, हे कोणालाही करता येण्याजोगे साहाय्य आहे.