शेजाऱ्यांचा बंब

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात राहते. तिथे आग लागली की गावातले सुतार, मास्तर, दुकानदारच बंब घेऊन धावतात, तेही बिनपगारी. आता त्यांना नवं अग्निशमन केंद्र बांधायचंय आणि त्यासाठी वर्गणी चालू आहे. आमच्या धायरीत असं का जमू नये?
– एक वाचक, धायरी

उत्तर : वर्गणीचं म्हणाल तर त्यात पुणेकरांना कोण हरवणार! अडचण वेगळी आहे.

अमेरिकेतले निम्म्याहून जास्त फायरमन स्वयंसेवक आहेत. चिलीत तर राजधानी सांतियागोतही बिनपगारीच लोक आग विझवतात. आपल्याकडे १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं अग्निशमन हे नागरी संस्थांच्या कामांच्या यादीत घातलं. धायरी २०१७ साली महापालिकेत आली, तेव्हापासून तुमचा बंब ही महापालिकेची जबाबदारी.

मुलीच्या गावातलं केंद्र आणि आपलं केंद्र यांचे नकाशेही जुळणार नाहीत. तिथला फायरमन घरी झोपलेला असतो. वर्दी मिळाली की स्वतःची गाडी काढून केंद्रावर येतो. त्यामुळे त्या इमारतीला हवं मोठं पार्किंग, बंबाशेजारीच टांगलेले कोट-बूट, आणि एक सभागृह, ज्यात जेवणावळी घालून पैसे उभे करता येतात. आपले जवान पाळीवर केंद्रातच असतात. म्हणून विश्रांतीची खोली हवी, स्वयंपाकघर हवं, कुटुंबांसाठी घरं हवीत. केंद्र सरकारच्या नगररचना मार्गदर्शिकेत दोन लाख वस्तीमागे एक केंद्र आणि निवासासह त्याला एक हेक्टर जागा सुचवली आहे. म्हणजे जवळजवळ अडीच एकर. सिंहगड रस्त्याच्या परिसरात एवढी जागा मोकळी दिसली, तर तिथे बंबाच्या आधी बिल्डर पोहोचेल.

बांधकामातही खाचाखोचा आहेत. पाच हजार लिटरच्या बंबात नुसतं पाणीच पाच टन, गाडीचं वजन वेगळं. त्यामुळे जमीन तशी भक्कम लागते, आणि दार उघडताच समोर मोकळा रस्ता. काजळी बसलेले कपडे झोपायच्या खोलीपासून लांब ठेवावे लागतात. फायरमनच्या कामामुळे कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२२ मध्ये दिला आहे.

खरा प्रश्न वेळेचा. शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोहोचावा, असं आपल्याकडचं मानक सांगतं. स्वयंसेवकाची पहिली काही मिनिटं केंद्र गाठण्यातच जातात. माणसं गावातच राहत आणि गावातच कामाला असतील तर हे चालतं. धायरीचा तरुण दिवसभर हिंजवडीत. संध्याकाळी सहाची वर्दी त्याला मिळाली, तर तो चांदणी चौकात असेल! अमेरिकेतही हेच झालंय. लोक नोकरीसाठी गावाबाहेर जातात आणि स्वयंसेवक मिळेनासे होतात.

तरी बंब येईपर्यंतची मिनिटं शेजाऱ्यांचीच असतात. ९ मे २०१९च्या पहाटे उरुळी देवाचीत कापडाच्या दुकानाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार दगावले. दाराला बाहेरून कुलूप होतं. तेही गाव २०१७ साली तुमच्याबरोबरच महापालिकेत आलं होतं. कुठल्या दुकानात रात्री माणसं झोपतात, कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हे बंबवाल्यांच्या आधी गल्लीला ठाऊक असतं. पुणे जिल्ह्यातल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका क्रमांकावर फोन केला की तो संदेश एकाच वेळी गावभरच्या मोबाइलवर वाजतो. आमच्या मते तुमच्या उत्साहाला योग्य जागा हीच : बंब येईपर्यंत धावणारं शेजाऱ्यांचं पथक.

तुमची इमारत उंच असेल, तर तिथूनच सुरुवात करा. राज्याच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते सोसायटीच्या सेक्रेटरींकडे मागा. आणि रविवारी सगळ्यांसमोर जिन्यातल्या होज रीलचा व्हॉल्व्ह उघडायला सांगा. पाणी आलं तर पथकाची पहिली बैठक तिथेच घ्या.